फावला वेळ नावाची अफवा

"काकू, हे सगळं तुम्ही केलंत? वेळ कसा मिळतो हो तुम्हाला?"

हा प्रश्न मी आमच्या नागावच्या घरी दर शनिवारी एकदा तरी ऐकतेच. आमच्या वाडीत दोन खोल्या आहेत आणि फाटकावर 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' अशी पाटी. अलिबाग ते मुरुड असा रस्ता पकडलात तर अशा पाट्या तुम्हाला नारळाच्या झाडांइतक्या दिसतील. शुक्रवारी रात्री नाहीतर शनिवारी सकाळी पाहुणे येतात. मुंबईचे, ठाण्याचे, पुण्याचे. पाठीवर लॅपटॉपची तीच काळी बॅग, अंगात कंपनीने फुकट दिलेला टीशर्ट. म्हणजे थोडक्यात, माझ्यासारखेच.

तर ही मंडळी पडवीत चप्पल काढतात आणि त्यांना दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे गेरूच्या भिंतीवरचं पांढरं वारली चित्र (ते माझं, आणि अर्धवट आहे, त्याबद्दल पुढे). दुसरी म्हणजे आईचा क्रोशा. दाराला तोरण, टीपॉयवर गोल रुमाल, पाण्याच्या तांब्यावर मणी लावलेलं झाकण. मग फोटो निघतात, आणि मग तो प्रश्न येतो. वेळ कसा मिळतो हो?

आई हसून सांगते, "फावल्या वेळात करते हो काहीबाही."

मला या वाक्याचा अतोनात राग येतो. कारण ते साफ खोटं आहे. माझ्या आईला फावला वेळ नाही. कधी नव्हता. आणि हे वाक्य ती इतक्या वर्षांपासून म्हणतेय की आता तिचाही त्यावर विश्वास बसलाय.

*

तिचा शनिवार कसा जातो ते सांगते. पाचला उठणं. पाणी तापवणं, अंगण, पाहुण्यांचा चहा. पोहे किंवा घावणे. मग मासळी आणणं आणि साफ करणं. दुपारी बारा माणसांच्या तांदळाच्या भाकऱ्या (एका माणसामागे अडीच धरा), सुरमई नाहीतर बांगडा तळणं, वालाची उसळ, सोलकढी. 'आम्ही व्हेज आहोत, आधी सांगायचं राहिलं' असं म्हणणाऱ्या एका कुटुंबासाठी वेगळं. भांडी. संध्याकाळचा चहा आणि भजी. थंडी असेल तर 'काकू, पोपटी लावणार ना?' मग रात्रीचं जेवण. आणि साडेअकराला कोणीतरी समुद्रावरून परत येतं आणि विचारतं, थोडा चहा मिळेल का?

गंमत बघा. तुमचा आणि माझा वीकएंड म्हणजे आराम. तो आराम कोणीतरी शिजवतं. आमच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवार हे बायकांच्या आठवड्यातले सगळ्यात जड दोन दिवस आहेत. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि लोक गाडीसकट बोटीतून उतरायला लागले. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला. मुंबई जवळ आली म्हणून आम्ही सगळेच खूश झालो, मीही झाले. (वडखळच्या ट्रॅफिकमध्ये ज्याने एसटीत उभं राहून चार तास काढलेत त्यालाच तो आनंद कळेल.) पण मुंबई जवळ आली म्हणजे भाकऱ्याही वाढल्या, आणि हा हिशोब कुठल्याही उद्घाटनाच्या भाषणात नव्हता.

आता सांगा, फावला वेळ कुठल्या रकान्यात टाकू?

*

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. एका ताईंना आईचा गोल रुमाल फार आवडला. बारा इंची, बारीक दोऱ्याचा, मध्ये अननसाची नक्षी, कडेला झालर. त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं, "काकू, विकत द्याल का? किती घ्याल?"

आई म्हणाली, "द्या दीडशे."

मी आत लॅपटॉप घेऊन बसले होते, तिथून उडालेच. पण तोवर दीडशे रुपये आणि रुमाल यांची अदलाबदल झाली होती. रात्री मी आईला धरून बसवलं आणि हिशोब केला. दोरा पन्नासचा. असा रुमाल व्हायला तिला किती वेळ लागतो? तिने कधी मोजलाच नव्हता. आम्ही पुढच्या रुमालाला मोजला. वीस तासांच्या थोडा वर. म्हणजे तासाला पाच रुपये. मी तिला म्हटलं, आई, तासाला पाच रुपये! ती म्हणाली, "अगं, फावल्या वेळात केलंय, त्याचे काय पैसे घ्यायचे?"

म्हणजे बघा, हा शब्द नुसता भाबडा नाही. हा शब्द भाव पाडतो.

आणि हे फक्त आमच्या पडवीतलं नाही. आंध्रात पश्चिम गोदावरीच्या बाजूला नरसापूर म्हणून गाव आहे. तिथे १९ व्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि बघता बघता तो निर्यातीचा धंदा झाला. मारिया मीज या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे जाऊन अभ्यास केला, १९८२ मध्ये त्यांचं 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक आलं. त्यांचा मुद्दा सरळ आहे. बायका घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-आठ तास लेस विणत होत्या, माल परदेशात जात होता, व्यापारी गब्बर होत होते. पण त्या बायकांना कोणी कामगार म्हणायला तयार नव्हतं. का? तर त्या 'घरीच असतात', रिकामा वेळ सत्कारणी लावतात. एकदा 'गृहिणीचा रिकामा वेळ' असं म्हटलं की मजुरी कितीही कमी द्यायला मोकळे!

अजून एक गोष्ट, जी मला स्वतःला अलीकडेच कळली. मोजे विणायचं मशिन इंग्लंडमध्ये विल्यम लीने १५८९ मध्ये केलं, त्याला चारशे वर्षं उलटून गेली. क्रोशाचं तसं नाही. प्रत्येक टाका आधीच्या टाक्यातून सुई घालून स्वतंत्र ओढावा लागतो, आणि हे हुबेहूब करणारं मशिन कारखान्यांत अजून रुळलेलं नाही. मशिनवर निघतं ते दिसायला क्रोशासारखं असतं. म्हणजे मॉलमध्ये सातशे रुपयांना खरा क्रोशाचा टॉप लटकलेला दिसला तर समजा, की कुठेतरी कोणीतरी तो हाताने केलाय. आणि त्या बाईलाही बहुतेक कोणीतरी सांगितलं असणार की हे फावल्या वेळातलं काम आहे.

*

इथपर्यंत वाचून 'खरंच बिचाऱ्या बायका' असं वाटलं असेल तर थांबा. आता माझी पाळी.

मी सोमवार आणि शुक्रवारी घरून काम करते, मंगळवार ते गुरुवार ऐरोलीत. एका सोमवारी, पाहुणे गेलेले, आई दुपारी दोनला क्रोशा घेऊन झोपाळ्यावर बसली. मी आतल्या खोलीत. माझ्या दाराला मी कागद चिकटवलाय, 'मीटिंग चालू आहे, हाक मारू नये'. त्या दिवशी मला एक खूळ सुचलं. आई किती वेळा उठते ते मी वहीत रेघा मारून मोजलं. दोन ते चार, दोन तास.

चौदा वेळा.

मासळीवाली. गॅसवाला. बुकिंगचे दोन फोन. बाबांचा चष्मा. शेजारच्या काकू विरजण मागायला. वाळत घातलेली आमसुलं. सगळं धरून नऊ. उरलेल्या पाच रेघा माझ्या होत्या. "आई, चहा?" "आई, माझा चार्जर बघितलास?" "आई, जरा दार लावतेस?" दाराला कागद लावून मी माझ्या दोन तासांना कुंपण घातलं होतं आणि त्याच दोन तासांत तिला पाचदा हाक मारली होती. ही लिहिण्यासारखी गोष्ट नाही, पण मोजली ती मीच, म्हणून सांगते.

आता आपल्या धंद्यातली माणसं याला काय म्हणतात? कॉन्टेक्स्ट स्विचिंग. कोड लिहिताना कोणी मध्येच 'एक मिनिट आहे का' म्हटलं की आपलं डोकं फिरतं. पॉल ग्रॅहमचा २००९ चा 'मेकर्स शेड्यूल, मॅनेजर्स शेड्यूल' हा लेख आपण सगळ्यांनी एकमेकांना पाठवलेला आहे. काहीतरी घडवणाऱ्या माणसाला अर्ध्या अर्ध्या दिवसाचे सलग तुकडे लागतात, मध्ये एक मीटिंग घातली की दुपार गेली, वगैरे. वाचून आपण माना डोलावल्या आणि मॅनेजरला शिव्या घातल्या. पण घरात जी बाई काहीतरी घडवतेय, तिचा मॅनेजर कोण? आपणच की!

माझी एक थिअरी आहे. आपल्या आया-मावश्यांनी क्रोशाच का धरला? तैलचित्रं का नाही काढली? आवड असते, परंपरा असते, सगळं मान्य. पण क्रोशाचा एक मोठा गुण असा की तो मध्येच खाली ठेवता येतो. कुकरची शिट्टी झाली, सुई दोऱ्यात खोचली, उठलं. परत आलं, चार साखळ्या, तीन खांब, एक मुका खांब, चालू. व्यत्यय सोसणारा छंद आहे हा. उलट माझं वारली घ्या. तांदळाचं पीठ आणि डिंक वाटीत कालवला की तो वाळायला लागतो. भिंतीवर रेघ अर्धी सोडून उठलात की परत आल्यावर जोड दिसतो. म्हणूनच माझी भिंत मार्चपासून अर्धवट आहे आणि आईचे तेवढ्यात सहा रुमाल झाले. आईने क्रोशा निवडला असं आपण म्हणतो. मला तर वाटतं, घरातल्या हाकांनी तिच्यासाठी तो निवडला.

'पण क्रोशाला कुठे डोकं लागतं, टीव्ही बघता बघता होतो' असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कॉर्नेल विद्यापीठात दैना तैमिना नावाच्या गणितज्ञ शिकवायच्या. हायपरबोलिक भूमिती शिकवताना हातात धरता येईल असं मॉडेल हवं होतं, आणि कागदाची मॉडेलं फाटायची. १९९७ मध्ये त्यांनी ते क्रोशाने केलं. दर ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत जायचं, बस. कापड सपाट राहायचं नाकारतं आणि त्याच्या चुण्या पडायला लागतात. मी हे वाचून आईच्या रुमालाची झालर उचलून बघितली. तेच! 'पाच टाक्यांनी एक वाढव' हे आईला तिच्या आईने सांगितलेलं. आपण याला अल्गोरिदम म्हणतो आणि त्याचे पगार घेतो. आणि त्या झालरीत एक टाका मोजायला चुकला की पूर्ण फेरी उसवावी लागते. आता चौदा वेळा उठून टाके मोजून दाखवा.

*

बरं, नेहमी असंच होतं का? कलेला वेळ हा असा मागून, चोरूनच मिळायचा का?

माझ्या भिंतीमुळे मी वारली चित्रांबद्दल जरा शोधाशोध केली. आपल्याला वारली म्हणजे कुर्त्यावरचं, कॉफी मगवरचं डिझाइन माहीत असतं. पण मूळ चित्र लग्नाचं. डहाणू, तलासरी, जव्हार या भागात लग्नघराच्या भिंतीवर चौक काढतात, त्यात पालघाट देवी असते. हा चौक काढायचा सवासिनींनी. धवलेरी गाणी म्हणते आणि चौक झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. आणि वारली लोक चौक 'काढतात' असं म्हणत नाहीत, 'लिहितात' म्हणतात.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. चौक लिहिणं हा त्या बायकांचा छंद नव्हता. ते काम होतं, ठरलेलं, सगळ्यांना हवं असलेलं. त्यासाठीचा वेळ त्यांना कोणाकडे मागावा लागत नव्हता, कारण त्या वेळाची गरज सगळ्या घराला होती. चौक लिहिणाऱ्या बाईला मध्येच 'माझा चार्जर बघितलास का' असं कोण विचारणार?

पुढची गोष्ट जरा टोचणारी आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर गेले, रंग आणि कागद पोचले, आणि चित्रं भिंतीवरून कागदावर आली. त्यातून जगभर नाव झालं ते गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ची पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. मशे फार मोठे चित्रकार होते, लग्नकार्याची वाट न बघता रोज चित्र काढायचं हे त्यांनी सुरू केलं, त्यात शंकाच नाही. पण पिढ्यान् पिढ्या भिंतीवर लिहिणाऱ्या बायकांपैकी आपल्याला किती नावं माहीत आहेत? भिंतीवर होतं तोवर ते बायकांचं विधीतलं काम. कागदावर आलं, सही आली, किंमत आली, तशी रोज बसून चित्र काढायची सवड ज्यांना होती ते पुढे आले. सवड कोणाला असते हे मी सांगायला नको.

(मी वारली नाही, त्यामुळे माझ्या भिंतीवर चौक आणि पालघाट नाही. ते आपलं नाही, पाहुण्यांच्या सेल्फीसाठी तर नाहीच नाही. झाडं, भातलावणी, तारप्याचा नाच आणि आमची बोट एवढंच आहे. बोट अजून अर्धीच आहे.)

*

आता नेहमीच्या सल्ल्यांकडे वळू. ऑफिसात मी हे सगळं एकदा जेवताना बोलले, तर तीन सल्ले मिळाले.

सल्ला एक. 'टाइम मॅनेजमेंट कर. पहाटे पाचला उठ.' अहो, आई पाचलाच उठते! पाचला उठल्याने छंदाला वेळ मिळत असता तर कोकणातल्या निम्म्या बायका एव्हाना पद्मश्री झाल्या असत्या.

सल्ला दोन. 'रील्स बघणं बंद कर.' हा खरा आहे, आणि मला लागला. फोनमध्ये बघितलं तर माझे रोज पावणेदोन तास जात होते. पण नीट बघितलं तर ते पावणेदोन तास सलग नव्हते. बसची वाट बघताना पाच मिनिटं, बिल्ड होताना सात, मीटिंग उशिरा सुरू झाली म्हणून चार. रील्स हाही व्यत्यय सोसणाराच छंद आहे, म्हणून तर इतका फोफावलाय. त्या तुकड्यांत चित्र होत नाही. क्रोशा होईल, ते कबूल. एसटीत बसून मी आता साखळ्या घालते आणि शेजारच्या मावशी माझी चूक दाखवतात. :-) पण म्हणून तुकडेच गोळा करत राहा, सलग वेळ मागूच नका, हा निष्कर्ष कुठून आला?

सल्ला तीन, माझा सगळ्यात नावडता. 'मस्त करतेस, मग बिझनेस का नाही सुरू करत? इन्स्टावर पेज काढ!' हे आपण कौतुक म्हणून म्हणतो. त्याचा खरा अर्थ असा की पैसे मिळाले तरच त्या वेळाला वेळ म्हणायचं. एक मित्र दर रविवारी तीन तास क्रिकेट खेळतो. त्याला कोणी विचारत नाही की आयपीएलला का नाही उभा राहत. आणि तासाला पाच रुपयांचा बिझनेस कोणाच्या भल्याचा, हे नरसापूरने दाखवलेलंच आहे.

या तिन्ही सल्ल्यांत एक गोष्ट समान आहे. तिघेही म्हणतात, वेळ तू काढ, तुझ्यातून काढ. 'वेळ मिळत नाही, काढावा लागतो' हे वाक्य आपल्याला फार भारी वाटतं. पण वेळ काढायचा तो कुणाच्या खिशातून? दोन तास चित्र काढायचं तर त्या दोन तासांतला चहा, फोन, भांडी, दार हे कोणीतरी करणार किंवा ते होणार नाही. तिसरा पर्याय नाही. वाद कॅलेंडरचा नाहीच, वाटणीचा आहे.

आकडे बघा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. पुरुष ९७, आणि तेही मुळात काही करणारे पुरुष, जे शंभरात सव्वीसच होते. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. बायका २८९, पुरुष ८८. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली म्हणून टाळ्या वाजवाव्यात, तर पुरुषांनी स्वतःची नऊ आधीच वाचवलेली!

*

आमच्या घरी बाबा सोमवारी रात्री शंकराच्या देवळात भजनाला जातात. पखवाज वाजवतात, सुंदर वाजवतात. त्या अडीच तासांत देवळात जाऊन 'बाबा, लोणच्याची बरणी कुठाय' असं आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही. त्या वेळाला जागा आहे, वार आहे, सोबत आहे, मान आहे. मी बाबांना तेच सांगितलं. म्हटलं, "बाबा, तुमचं भजन बंद करा असं नाही म्हणत. आईलाही एक भजन द्या."

ते काही बोलले नाहीत. आईच म्हणाली, "माझं काय एवढं! माझं होतंय की बसल्या बसल्या."

शेवटी ठरलं ते असं. सोमवार, दुपारी तीन ते पाच. बुकिंगचा फोन बाबांकडे. दार, मासळी, गॅस बाबांकडे. साडेचारचा चहा माझ्याकडे, मीटिंग असली तरी. आई ओटीवर बसणार आणि तिला हाक मारायची नाही.

पहिल्या सोमवारी बाबांनी एका कुटुंबाला आधीच दिलेली खोली पुन्हा देऊन टाकली. चहात मी साखर विसरले. आणि आई स्वतःच सहा वेळा उठली. कोणी हाक मारली नव्हती. सवयीने उठली. मला वाटतं, मला सगळ्यात जास्त त्रास त्याचा झाला. चौदातल्या पाच हाका माझ्या होत्या, त्या मी बंद करू शकते. या सहा हाका तिच्या आत बसल्यात आणि त्या कोणी बंद करायच्या?

आज अकरावा सोमवार होऊन गेला. मधले तीन चुकले. एकदा पाहुणे राहिले, एकदा लग्न, एकदा मीच भांडले. पण गेल्या सोमवारी ती एकदाही उठली नाही. विरजणवाल्या काकू आल्या तर बाबांनी त्यांना विरजण दिलं (कुठलं दिलं ते अजून कळलेलं नाही, पण ते असो).

मी पुढच्या वर्षी लग्न करणार आहे. मुलगा चांगला आहे, आपल्यातलाच, म्हणजे सॉफ्टवेअरवाला. भेटलो तेव्हा त्याच्या आईने विचारलं, छंद काय? मी म्हटलं, चित्रं काढते, थोडा क्रोशा. त्या कौतुकाने म्हणाल्या, "छानच! लग्नानंतरही चालू ठेव हो, वेळ मिळेल तसा."

प्रेमाने म्हणाल्या, खरंच. पण मला झोपाळ्यावरून चौदा वेळा उठणारी माझी आई दिसली. म्हणून मी त्यालाच नंतर सांगितलं, मला वेळ मिळेल तसा नको, मला वार हवा. कुठला वार ते आपण बसून ठरवू, तुझाही ठरवू. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "रविवारी माझं क्रिकेट असतं." म्हटलं, मग शनिवार माझा. चर्चा अजून चालू आहे.

तर मंडळी, पुढच्या वेळी आमच्या किनाऱ्यावर आलात, कुठल्याही पडवीत तोरण नाहीतर रुमाल आवडला, तर जरूर कौतुक करा. विकत घ्यायचा असेल तर नीट पैसे द्या, घासाघीस करू नका. पण 'वेळ कसा मिळतो' असं काकूंना विचारू नका. घरी परत जा आणि आपल्या घरात एका दुपारी वही घेऊन रेघा मारा. त्यातल्या आपल्या किती, तेवढं फक्त बघा.

आणि हो, साडेअकराला चहा हवा असेल तर स्वयंपाकघरात उजवीकडच्या फळीवर साखर, त्याच्या मागे पावडर. गॅस वरून बंद असतो, तो आधी चालू करावा लागतो.